रविराजकृत विमान

सोमवार, ६ जानेवारी २०२५

विमान पाहून आलो. आल्यावर साबणाने दोनदा हात धुतले. विमानामुळे नव्हे, रविराजशेठशी हात मिळवल्यामुळे!

रविराजशेठ म्हणजे आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक. गेली तीन वर्षे महापालिकेची निवडणूकच नाही, म्हणून सगळे माजी झाले आणि तेवढेच सगळे भावीही झाले. फ्लेक्सवर ‘भावी’ हाताएवढे. या माणसाच्या व्याकरणात भूतकाळ आहे, भविष्यकाळ आहे, वर्तमानकाळ तेवढा नाही. लट् लकार वर्ज्य.

मखमलाबाद नाक्याजवळच्या उद्यानात त्याने चौथरा बांधून ठेवला आहे. सव्वीस तारखेला त्यावर जंबो जेट बसवणार. जंबो जेट त्याचे नव्हे. बारकू बागूल नावाच्या सत्तरीच्या माणसाने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षे खपून ते केले आहे. बारकूभाऊ मूळचे कळवणकडचे. मुंबईत विमानाच्या हँगरमध्ये बत्तीस वर्षे पत्र्याचे काम केले, निवृत्त होऊन इथे आले.

शेडमध्ये शिरलो आणि विमानाभोवती एक चक्कर मारली. साडेतीन मीटर लांब, पंखांची रुंदी तीन मीटर. सगळे ॲल्युमिनियम, मोहरीएवढे रिव्हेट, पुढच्या अंगाला तो ओळखीचा कुबडा. प्रमाण एकास वीस.

“हात लावा गुरुजी. तिकडं वीस तर इकडं एक. मापात चूक नाय.”

मी संस्कृत शिकलो हे कुणीतरी त्यांना सांगितले आहे, तेव्हापासून मी गुरुजी. मग गुरुजीपणा केलाच. म्हटले, विमान शब्दात ‘मा’ धातू आहे, मोजणे. विमान म्हणजे नीट मापून केलेले. त्यांनी थोडा विचार केला.

“मग ह्यालाच इमान म्हणायला पाहिजे. मोठ्याला तर आम्ही एअरक्राफ्ट म्हणायचो.”

माझी एम.ए.ची दोन वर्षे या माणसाने एका वाक्यात गुंडाळली.

गुरुवार, ९ जानेवारी

आमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी विमानाचा इतिहास हवा आहे. पुन्हा बारकूभाऊंकडे. सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, नागलीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. वहीवर तेल सांडले. वही धन्य झाली.

पायलटला त्या कुबड्यात, माडीवर का बसवले, हे आज कळले. हे विमान आखले तेव्हा सगळ्यांना वाटत होते की थोड्याच वर्षांत आवाजापेक्षा वेगाने जाणारी विमाने येतील आणि माणसे त्यांतूनच हिंडतील. मग या रुंद पोटाच्या विमानाने मालवाहू व्हायचे. नाक वर उचलून समोरून माल भरता यावा, म्हणून पायलटची रवानगी माडीवर. म्हणजे जन्माच्या आधीच म्हातारपणची सोय! १९६९ साली पहिले उडाले. ती वेगवान मंडळी संग्रहालयात जाऊन बसली आणि हे पन्नास वर्षे माणसे वाहत राहिले. शेवटचे २०२२ च्या अखेरीस कारखान्याबाहेर पडले. दोन इंजिनांत काम भागू लागल्यावर चार इंजिने कोण पोसणार!

“आमचंवालं परदेशात नेलं. सुटं करून इकायला,” बारकूभाऊ म्हणाले. “त्याच्या डाव्या पंखाखाली मी कितीतरी वर्षं डबा खाल्ला. म्हणून हे केलं. ह्याचा डावा पंख पहिला केला मी.”

मग मला एक जुना छापील कागद दाखवला. दोन रकाने. एकात दोष काय, दुसऱ्यात दुरुस्ती काय. खाली काम करणाऱ्याची सही, शेजारी तपासणाऱ्याची.

“ज्यानं काम केलं त्याचीच सही. दुसऱ्याच्या कामावर सही मारली का माणूस संपला. मग तो सायब का असंना.”

चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर शेठने माझ्यावर सोपवला आहे. पाटीवर काय लिहू, विचारले.

“माझं लय नको. खाली बारीक लिहा. काम, बारकू बागूल. बस. सही नसलेलं इमान उडत नाय.”

“हे कुठे उडणार आहे, बारकूभाऊ?”

“तरी.”

शब्द दिला. नाव येईल म्हणून.

रविवार, १२ जानेवारी

पुरवणी उघडली.

अकराशे शब्द दिले होते, तीनशे उरले. मथळा: ‘नाशिकच्या आकाशात झेपावणार जंबो!’ कुबड्याची गोष्ट उडवली. डावा पंख छाटला. आणि बारकूभाऊ झाले ‘निवृत्त वैमानिक’!

पुरवणी सांभाळणाऱ्या निकिता मॅडमना फोन केला. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, आणि दोघांचाही त्यावर विश्वास नाही.

“सर, टेक्निशियन म्हटलं की लोक वाचत नाहीत. पायलट कसं छान वाटतं.”

“अहो, पण तो पायलट नाही.”

“ऑनलाइन बदलते ना, सर.”

बदललेले नाही. आत्ताच पाहिले.

वर माझे नाव? छे! ‘आमच्या वार्ताहराकडून.’ सत्तावीस वर्षे मी आमचा वार्ताहर आहे. बायको, उज्वला, म्हणते, आपल्या दारावरही तीच पाटी लावू या, पोस्टमनला सोपे जाईल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. रविराजशेठचे कार्यालय. तिळगुळाच्या डबीवर त्याचाच फोटो. तीळ खाताना त्याची मिशी खाल्ल्यासारखे वाटले.

“शास्त्री, पाटीवर आपलं पुष्पक येऊ द्या. जंबो-बिंबो त्यांनी मागाहून केलं.”

म्हटले, “जरूर. फक्त पुष्पकाचा फिटर कोण होता, त्याचा उल्लेख कुठे सापडत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे नावे राहून जातात, शेठ. बारकू बागुलांचे नाव पाटीवर हवे.”

“अहो, पाटी चार फुटांची! माझं आलं, साहेबांचं आलं, समितीची अकरा जणं आली. त्यात बारकू कुठं घुसडता? त्याला शाल देऊ ना. भारीतली देऊ.” मग डोळे मिटून, “वरती संस्कृतात दोन ओळी टाका. वजन येतं. माझं नाव पाहिजे बरं का त्यात.”

समितीची अकरा माणसे हसली. का हसली ते त्यांनाही ठाऊक नसावे. शेठच्या वाढदिवसाचे पानभर अभीष्टचिंतन आमच्याच पेपरात असते, हे मात्र मला ठाऊक आहे. म्हणून मीही हसलो. तिळगूळ दाढेला चिकटला होता, तो घरी येईपर्यंत सुटला नाही. त्या खोलीची, त्या मिशीची, माझ्या त्या हसण्याची शिसारी!

बुधवार, १५ जानेवारी

सापडले! सकाळी दाढी करताना सापडले, गालाला साबण तसाच ठेवून लिहून काढले.

रविराजकृतं लोका
विमानं पश्यताद्भुतम् ।

सरळ अर्थ: लोकहो, रविराजाने केलेले हे अद्भुत विमान पाहा. शेठ खूश.

पण संस्कृतात ‘विमान’ म्हणजे अपमानसुद्धा! मान नाही ते विमान. तो शब्द पुल्लिंगी, पण द्वितीयेत दोन्हींचे रूप एकच. म्हणजे खरा अर्थ: लोकहो, रविराजाने केलेला हा अजब अपमान पाहा! त्याच्याच पैशाने, ग्रॅनाइटमध्ये कोरून, त्याच्याच हस्ते अनावरण. अनुष्टुभ वृत्तही चोख, पाचवे लघु, सहावे गुरू, सगळे जागच्या जागी. पाठशाळेतले आमचे दीक्षितशास्त्री असते तर पाठ थोपटली असती.

किती दिवसांनी तोंडाला चव आली.

गुरुवार, १६ जानेवारी

उज्वलाला श्लेष समजावून सांगितला. म्हणाली, “छान आहे. पण हे वाचणार कोण?” तिला काव्याची गोडी कमीच.

मंगळवार, २१ जानेवारी

पाटी कोरून झाली. कोरणारा मंगळू, हात देवाचा, भाषेशी देणेघेणे नाही. “अक्षराचा पाय मोडला असंल तर आत्ताच सांगा, मागून दगड पुसता येत नाय.” एकही पाय मोडलेला नव्हता. खाली शेठ, साहेब, समिती. अकरा नावे, तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले, ते मंगळूचे नव्हेत, समितीच्या लेटरहेडवरचेच.

बारकूभाऊ पाटी पाहायला आले होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“गुरुजी, माझं बसलं का?”

“नाव नाही बसले. पण तुमचा मान राखला आहे. संस्कृतात. फार वरच्या दर्जाचा.”

“मग ठीक हे,” म्हणाले. बोटाने श्लोकावरची धूळ झाडली.

रविवार, २६ जानेवारी

शब्द अपुरे आहेत आणि जे आहेत ते छापण्यासारखे नाहीत. म्हणून इथे.

ध्वजवंदन झाले. मग विमानाची पूजा. नवी गाडी घेतली की करतात तशी! कुंकवाचे स्वस्तिक थेट नाकावर. पुढे नारळ. कुबड्याला झेंडूचा हार. पुढच्या चाकाला लिंबू-मिरची. इथवर मी डोळे मिटून घेतले. मग समितीतला कुणीतरी ओरडला, “शेठ, चाकाखाली लिंबू राहिलं!”

शेठ म्हणाले, “एक का? अठरा चाकं हायेत, अठरा आणा!”

नाक्यावरच्या भाजीवालीकडून अठरा लिंबे आली. एकेका चाकाखाली एकेक. बारकूभाऊ पुढे झाले, “शेठ, ही चाकं बसवायची हायेत, चालवायची नाय. बोल्ट काढू नका.” त्यांना शालीत गुंडाळून बाजूला केले. खरोखर गुंडाळले! शाल पांघरताना खांदे धरून मागे ओढले. चौथऱ्याचे बोल्ट सोडून आठ जणांनी विमान ढकलले. गणपती बाप्पा मोरया!

पुढचे लिंबू चाकापेक्षा थोडेच लहान. चाक चढले, घसरले, आणि पुढचा पाय काडकन वाकला. विमान नाकावर टेकले. बँडवाल्याने त्याच क्षणी ढोल वाजवला.

“शुभ असतं,” शेठ म्हणाले. “नमस्कार केला त्यानं.” टाळ्या!

फोटो झाले, सगळे नाश्त्याकडे गेले. बारकूभाऊ गुडघे टेकून लिंबे एकेक उचलत होते. शाल खाली अंथरली होती, तिच्यावर ठेवत होते. मग रुमाल ओला करून पत्रा पुसू लागले.

“आंबट राहिलं का पत्र्यावर डाग पडतो, गुरुजी.”

मी सहा लिंबे उचलली. एवढेच केले. पाटीकडे पाहून मनातल्या मनात मात्र म्हटले, पाहा लोकहो, अद्भुत विमान! आणि समाधान वाटून घेतले.

बुधवार, २९ जानेवारी

उद्यानात गेलो होतो. तीन दिवसांत डाव्या बाहेरच्या इंजिनात गुटख्याची पिचकारी. उजव्या पंखावर एक कुटुंब बाळाला बसवून फोटो काढत होते, बाळाने आपल्या परीने योगदान दिले. शेपटीवर खिळ्याने बदाम, आत दोन आद्याक्षरे. प्रेमसुद्धा इथे ओरखडल्याशिवाय होत नाही.

पाटी तेवढी स्वच्छ. तिच्यापर्यंत थुंकायलाही कुणी जात नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे झाले ते लिहून ठेवतो. टाळावेसे वाटते, म्हणूनच.

बारकूभाऊंकडे गेलो. विमानाचा वाकलेला पाय काढून घरी आणला होता, तो ऐरणीवर सरळ करत होते. मुलगी हर्षाली आली होती. ती चांदवडला पोस्टात नोकरीला. दहावीला संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, हे सिंधुबाईंनी मला आजवर चारदा सांगितले आहे.

हर्षाली म्हणाली, “काका, सकाळी पाटी वाचली. एक विचारू? रविराजकृतम्, तृतीया तत्पुरुष ना?”

“हो.”

“रविराजेन कृतम्. म्हणजे रविराजने केलेलं.”

“हो, पण त्यात गंमत आहे.” आणि मी गंमत सांगितली. लिंग, द्वितीया, मान, विमान, सगळे. सांगताना रंगलोही. हात हलवले.

तिने नीट ऐकून घेतले. हुशार मुलगी, लगेच कळले. हसली नाही.

“म्हणजे अपमानाचा अर्थ तुम्हाला माहिती. आणि आता मला.”

“हो.”

“आणि बाकी सगळ्या गावाला हे विमान रविराजने केलं.”

हातोडीचा आवाज थांबला होता. केव्हापासून, कोण जाणे. बारकूभाऊंची आमच्याकडे पाठ होती. वळले नाहीत. तसेच म्हणाले,

“सिंधू, गुरुजींना चहा टाक.”

चहा आला. तसाच ठेवून उठलो. आलं घातलेला, उत्तम चहा!

सोमवार, ३ फेब्रुवारी

दाढेला अजून काही चिकटल्यासारखे वाटते. संक्रांतीचा तिळगूळच असावा. निकिता मॅडमनी त्यांना वैमानिक केले, ते छान वाटावे म्हणून. शेठने नाव गाळले, ते उघड तोंडावर. मी मात्र त्यांचे काम उचलून दुसऱ्याच्या नावावर घातले, वृत्तात बसवून, दगडात. आम्हा तिघांत सर्वांत किळसवाणा कोण, हे ठरवायला कोश लागत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बारकूभाऊ सकाळी आमच्याकडे आले. पहिल्यांदाच. धुतलेले कपडे, खिशाला पेन. मी माफी मागायला तोंड उघडले तर हात वर करून थांबवले. खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला. तोच हँगरमधला छापील कागद, दोन रकान्यांचा. पहिल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात:

‘दोष: पाटीची पहिली ओळ. काम एकाचे, सही दुसऱ्याची.’

दुसरा रकाना कोरा.

“ही जागा तुमची. दुरुस्ती काय ते तुम्ही लिवायचं, तुम्हीच करायची. ज्याचं काम त्याची सही. मी निसतं तपासीन.”

“शेठ गप्प बसणार नाही, बारकूभाऊ. पेपरही मला ठेवणार नाही.”

“ते कागदात येत नाय, गुरुजी.” उठले. दारात थांबून म्हणाले, “तुमच्यावर राग नाय. हँगरात माझ्याकडूनबी असे तीन कागद झालेत. तिन्हींवर माझी सही हे.”

उज्वला आतून ऐकत होती. ते गेल्यावर कागद उचलून वाचला, माझ्यासमोर ठेवला आणि पेनचे टोपण काढून दिले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मंगळू म्हणाला तेच खरे, दगड पुसता येत नाही. मग पत्र्याची पट्टी. विमानाच्या अंगाला भोक पडले की वरून पत्रा रिव्हेटने बसवतात, तसाच पाटीला.

बारकूभाऊंच्या शेडमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत. त्यांनी पट्टी दिली, पंच दिला, हातोडी दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. अक्षरे ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकायची. सहा अक्षरे बसतात, मोजून. ‘रविराजकृतं’ झाकायचे:

बारकुणा कृतं

जसे गुरुणा तसे बारकुणा. अर्थ चोख, बारकूने केलेले. पण वृत्त! दुसरे आणि तिसरे अक्षर दोन्ही लघु. अनुष्टुभात चालत नाही. पाठशाळेत यासाठी छडी बसली असती. तासभर दुसरे काही शोधले. सापडले नाही. हर्षाली दारातून म्हणाली, “काका, आता पुन्हा हुशारी नको.”

नको.

‘कु’ ठोकताना अंगठा चेचला. बारकूभाऊ स्टुलावरून म्हणाले, “हातोडी शेवटाला धरा, गुरुजी. गळ्याला नाय.” छप्पन्नाव्या वर्षी मला हातोडी धरता येत नाही, हे लेखी नोंदवतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता, भर उजेडात, लोकांसमोर पट्टी बसवली. चार स्क्रू. दुपारपर्यंत ऑफिसचे सात फोन, शेठचे अकरा. कागदाची नक्कल:

दोष: पाटीची पहिली ओळ. काम एकाचे, सही दुसऱ्याची.
कारण: लिहिणाऱ्याची हुशारी.
दुरुस्ती: वरून पट्टी बसवली.
शिल्लक दोष: दुसरे व तिसरे अक्षर लघु.
काम केले: शेखर त्र्यंबक गायधनी.
तपासले: बारकू बागूल. उडायला हरकत नाय.